चुकीचा माग

विद्येचा इतिहास म्हणजे शोधांचा इतिहास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु स्वतःची चूक नेमकी कोठें झाली हें शोधून काढण्याच्या विद्येलाहि इतिहास आहे. आणि संगणकाच्या बाबतींत तो आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो.

केंब्रिज विद्यापीठांत मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखालीं बांधलेला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजीं चालूं झाला. लवकरच विल्क्स यांनीं एअरीचें समीकरण सोडविण्यासाठीं १२६ ओळींची आज्ञावली रचली. तींत चुका निघाल्या सुमारें वीस! उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच चुका शोधण्यांत जाणार, हें तेव्हां जिन्याच्या वळणावर ध्यानांत आलें, असें त्यांनीं १९८५ सालच्या आत्मवृत्तांत प्रांजळपणें लिहिलें आहे.

आरंभीं यंत्र एकेक आज्ञेनें चालवून पडद्यावरील ठिपके न्याहाळीत बसावें लागे. त्यांत यंत्राचा वेळ फुकट जाई. मग थांबलेल्या यंत्राची स्मृति छापून घेण्याची रीत निघाली. तिला 'शवपरीक्षा' असेंच नांव पडलें. परंतु प्रेतावरून शेवटची अवस्था कळते, तेथवरची वाट कळत नाहीं. ती दाखविली स्टॅन्ली गिल यांनीं. प्रत्येक आज्ञा पाळतांना तिचें अक्षर छापीत जाणारी आज्ञावली त्यांनीं रचली व १९५१ सालीं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत तिचें वर्णन केलें.

याच मंडळींतील डेव्हिड व्हीलर यांनीं, वारंवार लागणारें गणित निराळ्या आज्ञावलींत बांधून, तें संपतांच परत कोठें यावयाचें याची खूण ठेवण्याची युक्ति काढली. पुढें एका आज्ञावलीनें दुसरीस, दुसरीनें तिसरीस बोलवावें, असें होऊं लागलें, तेव्हां या खुणा ताटांच्या चळतीप्रमाणें एकीवर एक रचण्यांत आल्या. चूक झाली कीं ही चळत वरून खालीं वाचावी. कोणीं कोणास बोलाविलें तें उलगडतें. परतीसाठीं ठेवलेली खूणच साक्षीदार झाली! लिस्प भाषेंत तर आज्ञावली चुकीच्या जागीं थांबते, चळत पुढें मांडते आणि आतां काय करावें असें विचारते. दुरुस्ती करून तेथूनच पुढें जातां येतें.

तथापि चळत दाखविते ती चूक उघडकीस आल्याची जागा. तिचें मूळ कित्येकदां काम संपवून चळतींतून आधींच उठून गेलेल्या आज्ञावलींत असतें. तें ताडणें माणसाकडेच राहतें. आपण चुकणारच नाहीं या अभिमानानें नव्हे, तर चुकूं हें धरून मागें खुणा ठेवल्यानें ही विद्या वाढली. जिन्यावरील त्या जाणिवेचें मोल आम्ही एडसॅकहून कमी मानीत नाहीं.