मृत्युकिरण, रडार आणि सर हेन्री टिझार्ड

रेडिओवरून बोलतो आहे, तेव्हा रेडिओच्याच एका गोष्टीपासून सुरुवात करू या. डिसेंबर १९३२ पासून बीबीसीचा आवाज लघुलहरींवरून ब्रिटिश साम्राज्यात सगळीकडे, म्हणजे आपल्याकडेही, पोचू लागला. तो ज्या केंद्रावरून निघे, ते इंग्लंडमधलं डॅव्हेंट्री. २६ फेब्रुवारी १९३५ च्या सकाळी या केंद्रापासून काही मैलांवरच्या एका शेतात एक मोटार उभी होती. तिच्यात एक ग्रहणयंत्र होतं, एक छोटासा पडदा होता आणि त्या पडद्याकडे टक लावून बसलेली मोजकी माणसं होती. वर आकाशात हेफर्ड जातीचं एक बॉम्बफेकी विमान घिरट्या घालत होतं. विमान जवळ आलं की पडद्यावरची खूण लांबायची, दूर गेलं की आखडायची. डॅव्हेंट्रीहून निघालेल्या लहरी त्या विमानावर आपटून खाली येत होत्या. सुमारे तेरा किलोमीटर अंतरापर्यंत विमानाचा माग लागला.

रडारचा जन्म म्हणून ही सकाळ सांगितली जाते. मला मात्र आज त्या यंत्रापेक्षा त्यामागच्या समितीविषयी बोलायचं आहे. सरकारी समिती म्हटलं की आपल्याला जांभई येते. समिती नेमणं म्हणजे विषय लांबणीवर टाकणं, असा आपला अनुभव. पण एका समितीनं एक देश वाचवायला हातभार लावला, आणि पुढे तिच्याच अध्यक्षाचं म्हणणं सरकारनं ऐकेनासं झालं. या दोन्ही गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत.

त्या काळची भीती आधी लक्षात घेतली पाहिजे. पहिल्या महायुद्धात लंडनवर आकाशातून बॉम्ब पडले होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये स्टॅन्ली बाल्डविन यांनी पार्लमेंटमध्ये उघडच सांगितलं होतं, की काहीही केलं तरी बॉम्बफेकी विमान आत घुसणारच. बचावाचा उपाय काय? किनाऱ्यावर काँक्रीटच्या अवाढव्य वाटोळ्या भिंती उभारल्या होत्या. त्या विमानाचा आवाज गोळा करत आणि माणूस तो कान देऊन ऐके. विमानांचा वेग वाढत गेला तशी ही सूचना वरातीमागून घोडं ठरू लागली.

१९३४ च्या उन्हाळ्यात हवाई खात्यातल्या ए. पी. रो नावाच्या एका तरुण अधिकाऱ्यानं दप्तरं चाळली. हवाई संरक्षणाविषयी विज्ञानानं काय काय सुचवलं आहे, ते त्याला पाहायचं होतं. त्याला त्रेपन्न फाइली सापडल्या, आणि कामाचं असं त्यांत फारसं काही सापडलं नाही. त्यानं वरिष्ठांना लिहून कळवलं, की विज्ञानानं काही नवा मार्ग काढला नाही तर येत्या दहा वर्षांतलं युद्ध आपण हरू. अशा टिपणांचं काय होतं, हे सरकारी कचेरीत काम केलेल्यांना सांगायला नको. पण रोचे वरिष्ठ विंपेरिस यांनी ते गंभीरपणे घेतलं. त्यांच्या सूचनेवरून समिती नेमली गेली आणि २८ जानेवारी १९३५ ला तिची पहिली बैठक झाली. अध्यक्ष होते हेन्री टिझार्ड. बरोबर शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल, भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट आणि स्वतः विंपेरिस. चिटणीस रो.

टिझार्ड मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात ते स्वतः विमान चालवायला शिकले आणि विमानांच्या चाचण्या त्यांनी स्वतः उडून घेतल्या. त्यामुळे वैमानिकांशी त्यांच्या भाषेत बोलणं त्यांना जमे. आपण पहिल्या प्रतीचे संशोधक नाही, हे त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. पण कुठला प्रश्न महत्त्वाचा, कुणाला विचारायचा आणि आलेलं उत्तर वापरात कसं आणायचं, यात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता.

त्या दिवसांत 'मृत्युकिरणां'ची मोठी चर्चा होती. विजेच्या लहरींचा झोत सोडून वैमानिकाला जागीच मारता येईल का, अशी विचारणा विंपेरिस यांनी रेडिओ संशोधन केंद्राचे प्रमुख रॉबर्ट वॉटसन-वॅट यांच्याकडे केली. त्यांनी आपला सहकारी अर्नोल्ड विल्किन्स याला एक गणित घातलं: पाच किलोमीटर अंतरावर, एक किलोमीटर उंचीवर असलेलं आठ पिंट पाणी ९८ अंश फॅरनहाइटवरून १०५ अंशांपर्यंत तापवायला किती शक्ती लागेल? आठ पिंट म्हणजे माणसाच्या अंगातलं रक्त आणि १०५ अंश म्हणजे कडक ताप, हे विल्किन्सच्या लगेच ध्यानात आलं. उत्तर आलं, की इतकी शक्ती निर्माण करणं अशक्य. मग निदान कशाचा उपयोग होईल, असं विचारल्यावर विल्किन्सला आठवलं, की जवळून विमान गेलं की रेडिओच्या ग्रहणात गडबड होते अशी टपाल खात्याच्या अभियंत्यांची तक्रार होती. म्हणजे लहरींनी विमान पाडता येणार नव्हतं, पण त्याची चाहूल लागू शकत होती. या धाग्यावरून १२ फेब्रुवारीला टिपण तयार झालं. हवाई दलाचे संशोधनप्रमुख ह्यू डाउडिंग म्हणाले, कागदावरचे आकडे ठीक, पण मला प्रात्यक्षिक पाहिजे. दोन आठवड्यांत ते झालंही. डॅव्हेंट्रीची लहर एकोणपन्नास मीटर लांबीची होती. बॉम्बफेकी विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत साधारण तिच्या निम्मे भरत, आणि अशा मापाची वस्तू त्या लहरी चांगल्या परत फेकते, म्हणून ते केंद्र निवडलेलं होतं.

यंत्र चाललं, पण टिझार्ड यांचं खरं मोठेपण पुढच्या पायरीवर दिसतं. शत्रूचं विमान कुठे आहे हे कळलं, पण आपल्या वैमानिकाला तिथे नेमकं पोचवायचं कसं? १९३६ मध्ये, रडारची साखळी तयार व्हायच्या कितीतरी आधी, त्यांनी बिगिन हिलच्या विमानतळावर प्रयोग सुरू केले. आपलीच काही विमानं शत्रू ठरवायची, रडारकडून मिळाली असती तशी माहिती जमिनीवर द्यायची आणि लढाऊ विमानांना रेडिओवरून वळवायचं. हिशोब करणारे गोंधळात पडले, तेव्हा टिझार्ड यांनी शाळेतला समद्विभुज त्रिकोण काढून दाखवला. दोन विमानांना जोडणाऱ्या रेषेशी शत्रूचं विमान जो कोन करतं, तोच कोन आपल्यानं धरला तर गाठ पडणारच. वैमानिकांनी त्याला 'टिझी कोन' म्हणायला सुरुवात केली. यंत्र हातात येईल तेव्हा ते वापरणारी माणसं आधीच तयार असावीत, हा त्यामागचा विचार होता.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटनच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर सुमारे वीस केंद्रं उभी होती. त्यांचे पोलादी मनोरे एकशे दहा मीटर उंच होते. केंद्रांची खबर दूरध्वनीवरून मुख्यालयात येई, तिथे ती पडताळली जाई आणि हवाई दलातल्या मुली मोठ्या टेबलावरच्या नकाशावर सोंगट्या सरकवत. लढाऊ दलाचे प्रमुख होते तेच डाउडिंग. जर्मनांकडेही रडार होतं, आणि काही बाबतींत ते ब्रिटिशांपेक्षा सरस होतं. ख्रिश्चन ह्युल्समायर या जर्मन गृहस्थानं तर १९०४ सालीच रेडिओ लहरींनी जहाज ओळखणारं उपकरण केलं होतं, पण त्यांच्या आरमाराला त्यात रस वाटला नाही. १९४० च्या लढाईत जर्मनीकडे यंत्रं होती, पण यंत्र, दूरध्वनी, नकाशा आणि वैमानिक यांची अशी सांगड नव्हती. ती सांगड काय करते आहे हे गोअरिंगलाही उमगलं नाही. ऑगस्टच्या मध्यावर त्यानं रडार केंद्रांवरच्या हल्ल्यांत काही अर्थ नाही असं ठरवलं. ब्रिटन तगलं त्याचं हे एक मोठं कारण.

इथवर कथा गोड आहे. आता दुसरी बाजू. फ्रेडरिक लिंडेमन हे टिझार्ड यांचे तरुणपणचे मित्र. दोघं १९०८ साली बर्लिनमध्ये एकत्र शिकत होते, आणि पुढे ऑक्सफर्डचं प्राध्यापकपद मिळवून द्यायला टिझार्ड यांनीच लिंडेमन यांना मदत केली होती. लिंडेमन हे चर्चिल यांचे विश्वासू. चर्चिल यांच्या आग्रहामुळे १९३५ मध्ये त्यांना समितीत घेतलं गेलं आणि भांडणं सुरू झाली. रडारला ते विरोध करत नव्हते, पण छत्रीला बांधून हवेत सोडायचे सुरुंग आणि उष्णतेवरून विमान ओळखण्याची युक्ती यांनाही तितकंच महत्त्व द्या, असा त्यांचा हट्ट होता. शेवटी १९३६ च्या उन्हाळ्यात हिल आणि ब्लॅकेट यांनी राजीनामे दिले. समिती नव्यानं नेमली गेली, तेव्हा तीत लिंडेमन नव्हते.

मे १९४० मध्ये चर्चिल पंतप्रधान झाले आणि पारडं फिरलं. जूनमध्ये आणखी एक प्रसंग घडला. जर्मन विमानं रेडिओ झोताच्या साहाय्यानं लक्ष्य गाठतात, असं आर. व्ही. जोन्स या तरुण शास्त्रज्ञानं पंतप्रधानांसमोर मांडलं. टिझार्ड यांना ते पटलं नाही. जोन्स बरोबर होता, टिझार्ड चुकले. त्यांनी राजीनामा दिला. मोठ्या माणसाची चूकही सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहासाची आरती होते.

तरीही त्याच वर्षी त्यांनी देशाचं आणखी एक मोठं काम केलं. बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी फेब्रुवारीत 'मॅग्नेट्रॉन' तयार केला होता. तळहातावर मावणारं हे उपकरण सुमारे दहा सेंटिमीटरच्या जोरदार लहरी निर्माण करत होतं. त्यामुळे विमानात बसवायचं रडार अधिक लहान आणि प्रभावी करणं शक्य होणार होतं, पण मोठ्या प्रमाणावर ते बनवायला ब्रिटनकडे सवड नव्हती. टिझार्ड यांचं म्हणणं असं, की घासाघीस न करता हे गुपित अमेरिकेला देऊन टाकावं. त्या काळात अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती. चर्चिल आढेवेढे घेत होते, पण अखेर परवानगी मिळाली. ई. जी. बोवेन नावाच्या तरुण शास्त्रज्ञाकडे ती काळी लोखंडी पेटी सोपवली होती. लंडनच्या हॉटेलातल्या तिजोरीत ती मावेना, म्हणून रात्री त्यानं ती पलंगाखाली ठेवली. सकाळी स्टेशनावर हमालानं ती खांद्यावर टाकली आणि तो गर्दीतून असा सुटला, की बोवेनची त्याच्यामागे धावताना तारांबळ उडाली. सप्टेंबर १९४० मध्ये पेटी समुद्रापार पोचली. अमेरिकेत व्हॅनेव्हर बुश यांच्या पुढाकारानं जूनमध्येच अशीच एक विज्ञान समिती सरकारनं स्थापन केली होती. तिनं हा मॅग्नेट्रॉन हाती घेतला आणि एमआयटीमध्ये मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. आज मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न तापवतो, तोही मॅग्नेट्रॉनच.

शेवटचा प्रसंग १९४२ चा. ३० मार्चला लिंडेमन यांनी (तेव्हा ते लॉर्ड चेरवेल झाले होते) पंतप्रधानांना एक टिपण दिलं. जर्मनीतल्या अठ्ठावन्न शहरांमधल्या घरांवर बॉम्बवर्षाव केला तर तिथली एक तृतीयांश जनता बेघर होईल, असा त्यांचा हिशोब होता. टिझार्ड यांनी तो तपासला आणि सांगितलं, की घरांच्या नुकसानीचा अंदाज पाचपट फुगलेला आहे. ब्लॅकेट यांनी स्वतंत्रपणे हिशोब केला, त्यांच्या मते तो सहापट होता. टिझार्ड बॉम्बफेकीच्या सरसकट विरोधात नव्हते. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या आपली जहाजं बुडवत असताना विमानांची गरज तिथे जास्त आहे, एवढं त्यांचं म्हणणं. ते ऐकलं गेलं नाही. पुढे १९६० साली लेखक सी. पी. स्नो यांनी हार्वर्डमधल्या व्याख्यानांत सांगितलं, की युद्धानंतरच्या पाहणीनुसार मूळ अंदाज दहापट चुकला होता. त्या मोहिमेचा नेमका परिणाम किती झाला यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण तीत ब्रिटिश बॉम्बर दलाचे साडेपंचावन्न हजारांहून अधिक लोक गेले आणि जर्मनीतले लाखो नागरिक मेले. गणितातला आकडा चुकला तर त्याची किंमत अशी मोजावी लागते.

या कथेचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. टिझार्ड समितीतले ब्लॅकेट १९४७ साली भारतात आले आणि नेहरूंनी त्यांना संरक्षणाविषयी सल्ला विचारला. पुढच्या वर्षी त्यांनी अहवाल दिला. महागड्या नव्या शस्त्रांच्या मागे न लागता, आपल्याला झेपेल आणि करता येईल तिथून सुरुवात करा, असा त्याचा रोख होता. त्याच १९४८ मध्ये दौलतसिंग कोठारी संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले. १९५२ मध्ये पुण्याजवळ खडकीला शस्त्रास्त्रांच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली, जी आज गिरीनगरला आहे. १९५८ मध्ये डीआरडीओची स्थापना झाली.

आज कृत्रिम बुद्धिमत्ता, ड्रोन, उपग्रह असे विषय सगळ्याच सरकारांपुढे आहेत. यातलं कुठलं तंत्रज्ञान आपल्याला तारील, हे कुणी आज छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नये. १९३५ साली सर्वांना मृत्युकिरण हवे होते आणि हाती लागलं रडार. पण काही प्रश्न आपण नागरिक म्हणून नक्की विचारू शकतो. सल्ला देणारी माणसं एकापेक्षा जास्त आहेत ना? त्यातला एखादा आकडा चुकीचा आहे म्हणाला, तर तो पुन्हा तपासला जातो ना? आणि यंत्र विकत घेण्याआधी ते वापरणाऱ्या माणसाला कुणी काही विचारलं का?

टिझार्ड १९५९ मध्ये गेले. १९३५ मध्ये त्यांच्यापाशी अधिकार होता आणि ऐकणारी माणसं होती. १९४२ मध्ये त्यांच्यापाशी उरलं होतं फक्त बरोबर उत्तर. तेवढं पुरेसं पडलं नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)