रक्स शर्की : एका नृत्याची नामांतरे आणि त्याचे शिक्षण

एखाद्या कलेला दुसऱ्याने दिलेले नाव चिकटले म्हणजे त्या कलेचा इतिहासही हळूहळू त्या नावाच्या सोयीने लिहिला जाऊ लागतो. इजिप्त व पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरातील ज्या एकल नृत्यास आज जगभरच्या नृत्यशाळांत 'बेली डान्स' म्हणून ओळखतात, त्याची स्थिती अशीच झाली आहे. इंग्रजी व फ्रेंच नावांत उदराचा उल्लेख आहे. तुर्की भाषेतील 'गोबेक' या शब्दाचा अर्थही नाभी अथवा पोट असाच होतो. अरबीत मात्र 'रक्स बलदी' आणि 'रक्स शर्की' या दोन्ही संज्ञांत शरीराच्या कोणत्याही अवयवाचा निर्देश नाही. 'बलदी' म्हणजे गावचे, देशचे. निजामी अमलातील मराठवाड्याला परिचित असलेला 'बलदिया' हा शब्द त्याच कुळातील. 'शर्की' म्हणजे पूर्वेकडील. जौनपूरच्या शर्की सुलतानांमुळे हा शब्द आपल्याकडील इतिहासाच्या विद्यार्थ्यास नवा नाही. परंतु स्वतःच्या घरात, स्वतःच्या लग्नसमारंभात नाचणारी स्त्री आपल्या नाचास 'पूर्वेकडचा' असे कशास म्हणेल? जो पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे त्यालाच आपले घर पूर्वेस असल्याचे जाणवते. 'रक्स शर्की' ही संज्ञा फ्रेंचमधील तत्सम संज्ञेचा अनुवाद असावी, ही उपपत्ती म्हणूनच ग्राह्य वाटते.

या नावांपूर्वी जी नावे प्रचारात होती ती नृत्याची नसून नर्तकींची होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कैरोत 'अवालिम' आणि 'गवाझी' असे दोन निरनिराळे वर्ग होते. 'आलिमा' (अनेकवचन 'अवालिम') म्हणजे विदुषी. 'इल्म' व 'उलेमा' हे शब्द त्याच धातूपासून निघाले. या स्त्रिया मुख्यतः गायिका होत्या. संपन्न घरांतील अंतःपुरात त्यांचे गाणे होई आणि पुरुषांना ते पडद्याआडून ऐकावे लागे. 'गाझिया' (अनेकवचन 'गवाझी') ही मात्र उघड्यावर, घरापुढे, चौकात, यात्रेत नाचणारी. एडवर्ड लेन याने १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या आधुनिक इजिप्शियनांच्या चालीरीतींवरील ग्रंथात हा भेद स्पष्ट केला असून, युरोपीय प्रवासी नर्तकींना 'आल्मे' म्हणतात ही चूक आहे असेही बजावले आहे. पुढे अरबीचा प्रचंड कोश रचणाऱ्या या पंडिताला शब्दांचे असे घोटाळे सहन होत नसत. तथापि त्याच्या बजावण्याचा काही उपयोग झाला नाही. १८६३ साली फ्रेंच चित्रकार जेरोम याने सैनिकांपुढे नाचणाऱ्या स्त्रीचे चित्र काढले आणि ते 'आल्मेचे नृत्य' म्हणून प्रसिद्धीस आले. विदुषीवाचक शब्दाचा असा अर्थापकर्ष मराठी वाचकाला अपरिचित नाही. 'कलावंतीण' या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ 'जिच्यापाशी कला आहे ती' एवढाच. पण रूढीने त्यास जो अर्थ आणला तो इतका जाचक ठरला की गोमंतकातील त्या समाजाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'गोमंतक मराठा' हे नाव धारण केले.

नावांचा हा संकर होण्यास एक राजकीय घटनाही कारणीभूत झाली. १८३४ साली महंमद अली पाशाने सार्वजनिक नर्तकींना व वेश्यांना कैरोतून हद्दपार केले. त्यापूर्वी या स्त्रिया सरकारास कर देत असत. म्हणजे त्यांचा व्यवसाय शासनाने मानलेलाच होता. हद्दपारीनंतर त्या दक्षिणेस केना, एस्ना, अस्वान या गावी जाऊन राहिल्या, आणि नाईलवरून नौकेने जाणाऱ्या युरोपीय प्रवाशांना त्या नेमक्या तेथे भेटल्या. राजधानीतील विवाहसोहळा, ओळखीचे यजमान, वाद्यवृंद, बिदागीची रीत हे सर्व मागे पडले. उरला तो परका प्रवासी आणि त्याची वही. गुस्ताव फ्लोबेर हा १८५० च्या मार्चमध्ये एस्ना येथे 'कुचुक हानेम' हिच्याकडे गेला, त्याची टिपणे सर्वविश्रुत आहेत. पण 'कुचुक हानेम' हे तुर्की शब्द असून त्यांचा अर्थ केवळ 'लहान बाईसाहेब' असा होतो. पाश्चात्त्य साहित्यात अमर झालेल्या या स्त्रीचे स्वतःचे नाव त्या टिपणांत नाही. एडवर्ड सैद यांनी १९७८ साली 'ओरिएंटॅलिझम'मध्ये तिच्या मौनाकडे लक्ष वेधले ते योग्यच होय. परंतु मौनाच्या आधी अनामिकता आहे, याकडेही लक्ष जावयास हवे.

पुढील टप्पा प्रदर्शनांचा. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात 'कैरोचा रस्ता' उभारण्यात आला आणि तेथील नृत्य फ्रेंचमध्ये 'उदरनृत्य' म्हणून गाजले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याचीच आवृत्ती निघाली व त्या फ्रेंच नावाचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत रुजले. तेथील करमणुकीच्या विभागाचा व्यवस्थापक सोल ब्लूम याला या नावात गिऱ्हाईक ओढण्याची शक्ती दिसली. याहून अधिक वेळ या प्रकरणात घालविण्याचे कारण नाही.

खरे महत्त्वाचे परिवर्तन कैरोतच घडले. १९२६ साली बदिया मसाबनी या शामदेशीय कलावतीने तेथे स्वतःचे नाट्यगृह काढले. ते नावाला करमणुकीचे ठिकाण असले तरी वस्तुतः विद्यालयही होते. रक्स बलदी ही अल्प जागेत, जवळजवळ एका जागी उभे राहून करावयाची. लग्नघरात स्त्रियांचे कोंडाळे असते, त्यात रंगमंचाइतकी जागा कोठून असणार? बदियाच्या रंगमंचाला रुंदी होती, समोर प्रेक्षक होते, त्यांत परदेशीयही असत. तेव्हा नर्तकी मंचभर फिरू लागली, हात खांद्यांच्या वर गेले, मागे इतर नर्तकींच्या रांगा उभ्या राहिल्या. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या दोघी याच संस्थेतून पुढे आल्या. पैकी पहिलीचे 'कारिओका' हे उपनाव १९३३ च्या एका अमेरिकन चित्रपटातून गाजलेल्या ब्राझिली नृत्यावरून पडले. ज्यांना शुद्ध व प्राचीन रक्स शर्कीचा शोध घ्यावयाचा आहे त्यांनी तिच्या सर्वश्रेष्ठ प्रतिनिधीच्या नावातच रिओ शहर आहे हे विसरू नये. बदियाचे पुढचे नाट्यगृह 'कझिनो ऑपेरा' हे २६ जानेवारी १९५२ रोजी कैरोत जो अग्निप्रलय झाला त्यात भस्मसात झाले.

गणराज्याच्या काळात नृत्याला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा मार्ग निराळा निघाला. महमूद रेदा याने १९५९ मध्ये आपला बंधू अली व नर्तकी फरीदा फहमी यांच्यासह जो नृत्यसंच स्थापला, तो लवकरच शासनाच्या आश्रयाखाली गेला. रेदा प्रांतोप्रांती हिंडून लोकनृत्ये पाही. परंतु रंगमंचावर आणताना त्यांचे रूप तो स्वतः घडवी, व हे त्याने लपविले नाही. वरच्या इजिप्तमधील पुरुषांचा 'तहतीब' हा लाठीचा खेळ होय (२०१६ साली युनेस्कोने त्याची नोंद केली). आज नृत्यशाळांतून स्त्रिया जे काठीचे नृत्य शिकतात त्यात त्या खेळाइतकाच रेदाच्या रंगमंचाचाही वाटा आहे. विद्यार्थी मात्र त्यास 'लोकनृत्य' म्हणून शिकतो.

शिक्षणाच्या इतिहासात याहून मोठी उलथापालथ अमेरिकेत झाली. इजिप्तमधील मुलगी हा नाच कोणाकडूनही 'शिकत' नसे. मावशी, आत्या, शेजारीण यांच्यात उभी राहून तो तिच्या अंगी मुरे. हालचालींना नावे नव्हती, कारण नावांची गरजच नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोतील वर्गात मात्र परक्या भाषेच्या, परक्या संगीताच्या वीस-पंचवीस प्रौढ स्त्रिया आरशापुढे उभ्या. त्यांना 'असे कर' म्हणून भागत नाही, 'अमुक कर' म्हणावे लागते. जमीला सालिमपूर (१९२६-२०१७) हिने इजिप्शियन चित्रपट पाहून व उपाहारगृहांत नाचणाऱ्या निरनिराळ्या देशांच्या नर्तकींचे निरीक्षण करून हालचालींचे पृथक्करण केले आणि प्रत्येकीस नाव दिले. कोणास देशाचे, जसे 'इजिप्शियन', 'अल्जीरियन'. कोणास जिच्या अंगी ती पाहिली त्या नर्तकीचे, जसे 'माया'. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर बोलीला येथे प्रथमच वर्णमाला व व्याकरण लाभले. अशा व्याकरणाचे जे गुणदोष असतात तेही त्याबरोबर आलेच. कंबरेचा एक झोका दुसऱ्यापासून तोडून दाखविता आला म्हणून तो शिकविता आला. परंतु जो दोहोंच्या मधला होता, ज्यास नाव मिळाले नाही, तो वर्गातून हळूहळू नाहीसा झाला.

तालाच्या बाबतीत असा तुटवडा पडला नाही, कारण तालास मूळचीच बोली होती. ज्या चर्मवाद्यास इजिप्तमध्ये 'तबला' म्हणतात (आपल्या तबल्याशी त्याचे नावापुरतेच सख्य आहे) त्याचे बोल 'दुम', 'तेक' व 'का' असे असून 'मक्सूम' हा आठ मात्रांचा ताल 'दुम तेक – तेक दुम – तेक –' असा तोंडाने म्हणता येतो. विद्यार्थिनी बोटांत लहान झांजा घालून तो वाजवीत नाचते. 'मक्सूम' म्हणजे विभागलेले; वाद्याच्या तालमुक्त आलापास 'तक्सीम' म्हणतात, तो शब्दही त्याच धातूचा. तक्सीमच्या वेळी नर्तकीने आयत्या वेळी सुचेल ते करावे अशी अपेक्षा असते. नृत्यशाळेला हे अवघड जाते. चार महिन्यांत सर्व विद्यार्थिनींना एकाच वेळी मंचावर उभे करावयाचे तर नाच आधीच बसवून घ्यावा लागतो आणि मोजून पाठ करावा लागतो. अशा कार्यक्रमास शाळांतून 'हफ्ला' म्हणतात. आपल्या 'महफिल'चा धातूही तोच. पण महफिलीत ऐकणारा दाद देऊन गाणाऱ्याला वळण लावतो, आणि पाठ केलेल्या नाचाला कोणतीही दाद वळवू शकत नाही.

या अडचणीवर एक चतुर उपाय सॅन फ्रान्सिस्कोतच निघाला. जमीलाच्या शिष्यपरंपरेतील कॅरोलिना नेरिच्चिओ हिने १९८७ मध्ये स्थापलेल्या संचात पुढे असलेली नर्तकी ठराविक खुणेने पुढील हालचाल सुचविते व इतर तिचे अनुकरण करतात. अर्थात नाच सामूहिक असूनही आयत्या वेळी रचला जातो. या संप्रदायाच्या पोशाखात 'चोळी' असते, ती याच नावाने, आणि तिच्यावर पुष्कळदा कच्छ-राजस्थानकडील आरशांचे भरतकाम असते. त्यावरून हे नृत्यच भटक्या जमातींबरोबर भारतातून मिसर देशी गेले अशी एक कथा नृत्यशाळांतून सांगितली जाते. पश्चिम आशियातील डोम लोकांची डोमारी ही भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे हे निर्विवाद. परंतु भाषेची वंशावळ नृत्याला लावता येत नाही. शिवाय गवाझी इतरांसारखीच अरबी बोलत, काही शब्द तेवढे त्यांचे स्वतःचे असत, असे लेन सांगतो. चोळी अमेरिकेत विसाव्या शतकात गेली, एवढेच यातून सिद्ध होते. हिंदी चित्रपटाने या नृत्याशी केलेली उसनवारी तर उलट दिशेची व अगदी अर्वाचीन आहे. १९७५ च्या 'शोले'तील हेलन यांचे नृत्य हे तिचे ठळक उदाहरण.

नेरिच्चिओच्या पद्धतीस दीर्घकाळ 'अमेरिकन ट्रायबल' हे नाव होते. कोणतीही जमात जिच्यामागे नाही अशा पद्धतीने 'ट्रायबल' म्हणवून घ्यावे यावर आक्षेप येत गेले आणि २०२० च्या सुमारास ते नाव सोडण्यात आले.

कैरोत प्रश्न वेगळाच आहे. कारिन फान नियूकर्क या डच अभ्यासिकेने १९९५ साली महंमद अली रस्त्यावरील गायिका-नर्तकींवर ग्रंथ लिहिला. ज्याने त्यांच्या पूर्वजांना हद्दपार केले त्याचेच नाव या रस्त्याला आहे. आपल्याकडील भटक्या जमातींच्या 'पारूशी'सारखी एक गुप्त बोली या कलावंतांतही आढळते. लग्नसमारंभात नाचून कुटुंब पोसणाऱ्या या स्त्रियांनी आपल्या कामाला कला म्हणवून घेण्याचा आग्रह धरला नाही. परदेशी नृत्यशाळांतील शिक्षिका नेमका तोच धरतात. त्यांचे म्हणणे इतकेच होते की हा इतर धंद्यांसारखा एक धंदा आहे, आणि अभ्यासिकेने ग्रंथाला नावही तेच दिले.