माउसप्रधान कोड-संपादक

प्रोग्रॅम लिहिण्याची व दुरुस्त करण्याची अशी साधने, ज्यांत मजकूर टंकणे सोडून जवळजवळ सर्व कामे माउसने होतात. व्हीआय आणि ईमॅक्सच्या परंपरेत हात कळफलकावरून हलू नये यावर भर असतो. येथे हात माउसवर असावा अशी अपेक्षा आहे. झुरिचच्या ईटीएचमध्ये निक्लाउस विर्ट व युर्ग गुटक्नेख्ट यांनी १९८०च्या दशकात घडवलेली ओबेरॉन प्रणाली, तसेच बेल लॅब्जमध्ये रॉब पाइक यांनी घडवलेले सॅम (शोधनिबंध १९८७) व अ‍ॅक्मी (१९९४) ही प्रमुख उदाहरणे. तिन्हींना तीन बटणांचा माउस लागतो.

अ‍ॅक्मीत डावे बटण मजकूर निवडते, मधले आज्ञा चालवते, उजवे शोधते किंवा उघडते. खिडकीत कोठेही ‘डेल’ ही आज्ञा लिहून तिच्यावर मधले बटण दाबले की खिडकी बंद होते. मेनूची गरजच नाही. त्रुटीच्या संदेशातील फाइलचे नाव व ओळक्रमांक यांवर उजवे बटण दाबले की नेमकी ती ओळ समोर येते. ही सोय एकदा अंगवळणी पडली की इतरत्र तिची उणीव सतत जाणवते. डावे बटण धरून मधले दाबल्यास मजकूर कापला जातो, उजवे दाबल्यास चिकटतो. नक्कल करायची तर आधी कापून, डावे न सोडता, लगेच चिकटवावे लागते. खरी अडचण वेगळीच आहे. टंकलेली अक्षरे माउसचा दर्शक जेथे असेल त्या खिडकीत जातात, त्यामुळे माउसला नकळत धक्का लागला तर ओळ भलत्याच फाइलीत उमटते.

सॅममध्ये खिडकी आधी क्लिक करून निवडावी लागते, म्हणून हा धोका नाही. त्याचा मेनू मागच्या वेळी निवडलेली आज्ञा दर्शकाखाली ठेवूनच उघडतो. ओबेरॉनमध्ये डावे बटण कर्सर ठेवते आणि उजवे मजकूर निवडते. कर्सर व निवड स्वतंत्र असल्याने दूरचा मजकूर एकाच हालचालीत कर्सरपाशी आणता येतो. नकलेपुरती ही रचना अ‍ॅक्मीपेक्षा सरस आहे.

मराठी मजकुराच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. यूटीएफ-८ ही संकेतपद्धती १९९२ मध्ये केन टॉम्पसन व पाइक यांनी रचली आणि अ‍ॅक्मी जिच्यासाठी घडवले गेले त्या प्लॅन ९ या कार्यप्रणालीत लगेच वापरली. त्यामुळे ‘नागोठणे’ हा शब्द अ‍ॅक्मीत बिनचूक साठवला जातो: चार अक्षरे, सात संकेत, २१ बाइट. पडद्यावर मात्र प्रत्येक संकेत सुटा काढला जातो. ‘जिल्हा’ लिहिल्यास पहिली वेलांटी ‘ज’च्या आधी न येता नंतर येते आणि ‘ल्ह’ जोडला जात नाही. दुहेरी क्लिकने काना-मात्रांसह सबंध शब्द निवडला जातो. पण आस्कीबाहेरचे जवळपास प्रत्येक चिन्ह अक्षरच मानले जात असल्याने ओवीच्या शेवटचा दंडही शब्दाबरोबर उचलला जातो. माउस ओढून निवड केली तर ‘ठ’ व ‘णे’ यांमध्येच काय, ‘ण’ आणि त्याची मात्रा यांमध्येही ती थांबू शकते.

आजच्या माउसवर मधले बटण म्हणजे चाक. ते न फिरवता दाबणे कठीण जाते. बहुतेक लॅपटॉपच्या स्पर्शपट्टीवर ते बटणच नसते. मॅकवरील अ‍ॅक्मीत ऑप्शन व कमांड कळा धरून मधल्या व उजव्या बटणांचे काम भागवले जाते. कोड वाचत एका फाइलीतून दुसरीत जाण्यासाठी अ‍ॅक्मी आजही उत्तम. मराठी टिप्पण्या लिहिण्यासाठी मात्र अक्षरजोडणी जाणणारा दुसरा संपादक वापरावा लागतो.