सागरी फ्लाय बांधणी

सागरी फ्लाय बांधणी म्हणजे खाऱ्या पाण्यातील माशांना भुलवण्यासाठी गळावर पिसे, केस, कृत्रिम तंतू आणि दोरा यांच्या साहाय्याने लहान मासे, कोळंबी, खेकडे इत्यादींच्या प्रतिकृती तयार करण्याची हस्तकला होय. 'फ्लाय' या शब्दाचा मूळ अर्थ माशी. गोड्या पाण्यातील ट्राउटसाठी बनवलेली आमिषे बहुतांशी कीटकांसारखीच असतात. समुद्रात कीटकांचा संबंध संपला, नाव तेवढे राहिले. या कलेचा विकास प्रामुख्याने अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, फ्लोरिडात आणि बहामा बेटांवर झाला. हौशी कारागिरांना ती क्रमाने शिकता यावी यासाठी स्तरबद्ध कौशल्य पुरस्कारांची पद्धत वापरली जाते.

स्वरूप

फ्लाय फिशिंगमध्ये फेकीसाठी लागणारे वजन आमिषात नसून जाड दोरीत असते. त्यामुळे हातभर लांबीच्या माशाला आकर्षित करणारी फ्लायही फेकताना हलकी असावी लागते. तिने पाणी धरून ठेवता कामा नये आणि हवेत तिची पिसे गळाच्या वळणात गुंतता कामा नयेत. फेक सुंदर पडूनही शेपटीचे एक पीस गळाभोवती अडकले, तर फ्लाय तिरकी पोहते आणि मासा तिच्याकडे पाठ फिरवतो. सागरी बांधणीतील बरीचशी तंत्रे या एका दोषावर उपाय म्हणून जन्मली आहेत.

दुसरी अडचण टिकाऊपणाची आहे. ब्लूफिशसारखे धारदार दातांचे मासे पिसांची फ्लाय काही चाव्यांतच निकामी करतात. खाऱ्या पाण्याने साधा पोलादी गळ गंजतो, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस पोलादाचे गळ वापरतात. स्टेनलेस गळ माशाच्या तोंडात राहून गेल्यास लवकर झिजत नाही, असा आक्षेप त्यावर घेतला जातो.

प्रमुख रचना

जो ब्रुक्स यांचे सागरी फ्लाय फिशिंगवरील पुस्तक १९५० साली प्रसिद्ध झाले आणि या छंदाला स्वतंत्र ओळख मिळाली. त्यानंतरच्या दशकाच्या अखेरीस बर्नार्ड 'लेफ्टी' क्रे (१९२५–२०१८) यांनी चेसापीक उपसागरातील स्ट्राइप्ड बाससाठी 'लेफ्टीज डिसीव्हर' ही फ्लाय तयार केली. तिच्यात कोंबड्याच्या पाठीवरची लांब पिसे गळाच्या दांड्याच्या मागच्या टोकाला बांधतात आणि पुढे नेढ्याजवळ हरणाच्या शेपटीच्या केसांची कॉलर चढवतात. हे केस गळाच्या वळणापलीकडे पोचतात व पिसांना आधार देतात, त्यामुळे पिसे गुंतत नाहीत. ओली फ्लाय पाण्याबाहेर येताच निमुळती होते आणि सहज फेकली जाते. अमेरिकी टपाल खात्याने १९९१ मध्ये काढलेल्या फ्लायच्या तिकिटांत डिसीव्हरचा समावेश होता. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील खाड्यांत ती बॅरामुंडीसाठी, म्हणजे कोकणात जिताडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशासाठी, वापरली जाते.

पेनसिल्व्हेनियातील बॉब क्लाउझर यांची 'क्लाउझर मिनो' (१९८७) मुळात सस्क्वेहॅना नदीतील स्मॉलमाउथ बाससाठी होती. तिचे नाव क्रे यांनी ठेवले. दांड्यावर बांधलेल्या डंबेलच्या आकाराच्या जड डोळ्यांमुळे ही फ्लाय उलटी होऊन गळाचे टोक वर ठेवून पोहते आणि ओढ थांबताच डोक्यावर खाली झेपावते. तळाशी असलेल्या गवतात किंवा दगडांत ती त्यामुळे कमी अडकते. बहामातील अँड्रॉस बेटावरचे वाटाडे चार्ली स्मिथ यांच्या नावाने ओळखली जाणारी 'क्रेझी चार्ली' हीदेखील टोक वर ठेवून चालते. तिचे डोळे मण्यांच्या साखळीचे असतात व ती उथळ पाण्यातील बोनफिशसाठी बांधतात. न्यू जर्सीतील बॉब पोपोविक्स यांनी ब्लूफिशच्या दातांवर उत्तर म्हणून कृत्रिम तंतूंवर पारदर्शक इपॉक्सीचा थर देऊन 'सर्फ कँडी' घडवली. आता इपॉक्सीऐवजी अतिनील प्रकाशाने क्षणात घट्ट होणारे राळसदृश द्रव्य सर्रास वापरले जाते.

कौशल्य पुरस्कार

फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल ही अमेरिकेतील संस्था आहे. तिचे पहिले अधिवेशन १९६५ मध्ये ऑरेगन राज्यातील यूजीन येथे भरले होते. तिच्या फ्लाय बांधणी गटातर्फे दिल्या जाणाऱ्या कौशल्य पुरस्कारांचे कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे चढते स्तर आहेत. ही स्पर्धा नाही. उमेदवाराची तुलना दुसऱ्या उमेदवाराशी होत नाही, ठरलेल्या निकषांशी होते. त्याने बांधलेल्या फ्लाय अनुभवी परीक्षक तपासतात. याच गटातर्फे दिला जाणारा बझ बुशेक स्मृती पुरस्कार वेगळा आहे: तो एखाद्या कारागिराच्या या कलेतील एकूण योगदानाबद्दल दिला जातो.

स्तरबद्ध पद्धतीचा लाभ असा की शिकणारा आवडत्या फ्लायपासून सुरुवात न करता तंत्रापासून सुरुवात करतो. एकटा शिकणारा बहुधा चित्र पाहून क्लाउझर बांधतो, ती मासा पकडते आणि शिक्षण तिथेच थांबते. डोळे सैल आहेत, हे त्याला दोन-चार मासे लागल्यावर कळते. डोळे दांड्यावर आठच्या आकाराच्या वेढ्यांनी बांधून, मग त्या वेढ्यांभोवती आडवे फेरे घालून घट्ट करावे लागतात. खेकड्याच्या 'मर्किन' या रचनेत लोकरीच्या धाग्याचे तुकडेही दांड्यावर आडवे ठेवून याच आठच्या वेढ्यांनी बांधतात. एक तंत्र नीट बसले की त्यावर पुढची फ्लाय उभी राहते, असा या क्रमाचा हिशेब आहे.

परीक्षक प्रमाणबद्धता, दोऱ्याचे नियंत्रण आणि सातत्य यांकडे पाहतो. नेढ्यात केस किंवा चिकटद्रव्य शिरले आहे का, डोके गुळगुळीत व निमुळते आहे का, दोन्ही बाजूंची पिसे सारख्या लांबीची आहेत का, या गोष्टी शेगड्यातून काढलेली फ्लाय हातात घेताच दिसतात. सर्वांत कठीण कसोटी पुनरावृत्तीची असते. एक सुबक फ्लाय योगायोगानेही जमते. तीच फ्लाय तशीच पुन्हा बांधणे योगायोगाने जमत नाही. हरणाच्या केसांचे माप नवख्याला हमखास चुकवते. क्लाउझरमध्ये केस विरळ असावेत, पण जवळजवळ प्रत्येक जण सुरुवातीला दुप्पट केस घेतो आणि फ्लाय बुडायला वेळ लावते.

मर्यादा

सागरी फ्लायच्या बाबतीत 'मूळ नमुन्याबरहुकूम' हा निकष पूर्णपणे लागू पडत नाही. डिसीव्हर हा ठरावीक नमुना नसून बांधण्याची पद्धत आहे, असे क्रे स्वतः सांगत. लांबी आणि रंग स्थानिक माशाप्रमाणे बदलावेत अशीच तिची कल्पना आहे. पोपोविक्स यांच्या रचनाही एका तत्त्वाची अनेक रूपे आहेत. साच्याशी तंतोतंत जुळणारी डिसीव्हर पुरस्कारास पात्र ठरेल, तरी एखाद्या खाडीत ती निरुपयोगी असू शकते. शेगड्यात धरलेली फ्लाय पाण्यात कशी चालेल हे टेबलावर पूर्णपणे दिसत नाही. यामुळे मूल्यमापनात केस कुठे बांधले व कशासाठी, याला रंगापेक्षा अधिक महत्त्व देणे इष्ट ठरते.

साहित्य व भारताशी संबंध

भारतातून निर्यात होणारी कोंबड्याच्या मानेची पिसे फ्लाय बांधणाऱ्यांना दीर्घकाळ परिचित आहेत. सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील मेणासारखे चकचकीत ठिपके असलेली पिसे पूर्वी सॅमन व इतर फ्लायचे 'डोळे' म्हणून मोठ्या प्रमाणावर परदेशी जात. हा पक्षी भारतात आता कायद्याने संरक्षित असून वन्य पक्ष्यांच्या पिसांचा व्यापार निषिद्ध आहे. परदेशांत ही पिसे पाळीव पैदाशीतून मिळवतात. सागरी फ्लायसाठी त्यांची जागा मुख्यतः चिकटवायच्या कृत्रिम डोळ्यांनी घेतली आहे.