फिलिपिनो वैज्ञानिक आणि वैद्यक संशोधन

फिलिपिन्समधील शास्त्रज्ञांनी वैद्यक, पोषण, औषधशोध आणि फलोत्पादन या क्षेत्रांत केलेले प्रमुख काम या नोंदीत दिले आहे. स्पेन, अमेरिका आणि जपान अशा तीन सत्तांखालून गेलेल्या या द्वीपराष्ट्रात प्रयोगशाळा उशिरा उभ्या राहिल्या, आणि उभ्या राहिल्यावरही साधनांची चणचण संपली नाही. इथले सर्वांत मोलाचे संशोधन हाताशी असलेल्या वस्तूंतून झाले: माती, समुद्री गोगलगाय, तांदळाचा कोंडा, बांबू. त्याचे श्रेय आणि नफा मात्र अनेकदा देशाबाहेर गेला.

राष्ट्रपुरुष होसे रिझाल हे व्यवसायाने नेत्रवैद्य. पॅरिस आणि हायडेलबर्ग इथल्या नामांकित नेत्रतज्ज्ञांच्या हाताखाली ते शिकले आणि पुढे आपल्या आईच्या डोळ्यांवरही त्यांनीच शस्त्रक्रिया केली.

विसाव्या शतकात पहिला मोठा प्रश्न होता पोषणाचा. सडीक पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्या लोकांत ब१ जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या बेरीबेरीने बळी जात होते. अन्नरसायनतज्ज्ञ मारिया ओरोसा यांनी गिरणीत वाया जाणाऱ्या कोंड्यापासून ब१ जीवनसत्त्व देणारी बिस्किटे बनवली, सोयाबीनची पौष्टिक भुकटी तयार केली, आणि टोमॅटोऐवजी केळ्याचे केचप केले, जे आजही फिलिपिनो घरांत रोज खाल्ले जाते. जपानी ताब्याच्या काळात त्यांचे अन्न मनिलातील छावण्यांमधल्या कैद्यांपर्यंत चोरून पोचवले जाई. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईतील तोफमाऱ्यात त्यांचा मृत्यू झाला. युद्धानंतर डॉ. हुआन साल्सेदो यांनी बातान प्रांतात जीवनसत्त्वयुक्त तांदळाचा मोठा प्रयोग केला. जीवनसत्त्वाचा लेप दिलेला तांदूळ साध्या तांदळात दोनशेला एक या प्रमाणात मिसळला जाई. बेरीबेरीचे मृत्यू झपाट्याने घटले.

फे देल मुंदो (१९११–२०११) यांचे नाव फिलिपिन्सच्या वैद्यकात सर्वांत आदराने घेतले जाते. गरिबांची डॉक्टर होण्याचे स्वप्न मुळात त्यांच्या थोरल्या बहिणीचे. ती लहानपणीच आंत्रपुच्छाच्या आजाराने गेली आणि फे यांनी तो ध्यास आपला केला. मनिलात पदवी घेतल्यावर १९३६ साली त्या राष्ट्राध्यक्ष केसोन यांनी देऊ केलेल्या शिष्यवृत्तीवर बॉस्टनला गेल्या. हार्वर्ड वैद्यक विद्यालयाची पहिली विद्यार्थिनी असा त्यांचा उल्लेख सर्रास होतो, पण तो जपून वाचावा. त्या विद्यालयाने पदवीसाठी मुलींना प्रवेश दिला १९४५ मध्ये. देल मुंदो तिथे पदव्युत्तर शिक्षणासाठी होत्या.

१९४१ साली त्या परतल्या आणि लगेचच युद्ध दारात आले. सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात जपान्यांनी परकीय नागरिकांना डांबले होते. तिथल्या मुलांसाठी देल मुंदो यांनी शुश्रूषागृह चालवले. युद्धानंतर सरकारी रुग्णालयाच्या कागदी कारभाराला कंटाळून त्यांनी स्वतःचे रुग्णालय काढायचे ठरवले. त्यासाठी राहते घर विकले, कर्ज काढले. १९५७ साली केसोन सिटीत देशातले पहिले बालरुग्णालय सुरू झाले. त्या तिथेच वरच्या मजल्यावर राहत आणि नव्वदी ओलांडल्यावरही मुलांना तपासायला वॉर्डात येत.

वीज नसलेल्या खेड्यांतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी त्यांनी केलेली पेटी फार साधी आहे. कपडे धुवायला नेण्याच्या दोन बांबूच्या टोपल्या, एक मोठी, एक लहान. लहान टोपली मोठीत बसवायची, दोन्हींमधल्या फटीत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, वर प्राणवायूसाठी टोप करायचा आणि आत बाळ. बाळाला ऊब देण्यासाठी ना विजेची तार लागली, ना परदेशी यंत्र. १९७७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला; १९८० मध्ये ‘राष्ट्रीय वैज्ञानिक’ हा किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

इलोइलोचे डॉ. आबेलार्दो आगिलार यांची कथा मनाला लागते. १९४९ साली त्यांनी आपल्या भागातल्या मातीचे नमुने एली लिली या अमेरिकी औषध कंपनीला पाठवले. त्या मातीतल्या जिवाणूपासून एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक निघाले. पेनिसिलिन न सोसणाऱ्या रुग्णांना त्याने मोठा आधार दिला. अॅझिथ्रोमायसिन हे त्याचेच पुढचे रूप. कंपनीने औषधाला ‘इलोटायसिन’ हे इलोइलोवरून घेतलेले नाव दिले. नफ्यातला वाटा आगिलार यांनी मागितला, पण तो त्यांना मिळाला नाही. एका प्रांताचे नाव बाटलीवर आले आणि माती पाठवणारा डॉक्टर विस्मरणात गेला, हा अन्यायच होय.

समुद्राकडे वळले बाल्दोमेरो ओलिव्हेरा आणि लुर्देस क्रूझ. अमेरिकेत डीएनएवर काम करून ओलिव्हेरा मनिलाला परतले तेव्हा त्या कामाची उपकरणे इथे नव्हती. मग त्यांनी फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर मुबलक सापडणारी शंकूच्या आकाराची विषारी गोगलगाय अभ्यासाला घेतली. ती संथ, पण पोकळ दात भाल्यासारखा मारून माशाला क्षणात लुळा करते. तिच्या एका जातीच्या दंशाने माणूसही दगावतो. पुढे यूटा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने विषाचे घटक वेगळे करून ते एकेक करून थेट उंदरांच्या मेंदूत टोचले. प्रत्येक घटकाचा परिणाम निराळा निघाला. एका घटकाने लहान पिल्ले झोपी गेली आणि मोठे उंदीर सैरावैरा पळू लागले. एका विषात अनेक औषधे दडलेली असू शकतात, हे तिथे उमगले.

विषाच्या या घटकांतल्या एका पेप्टाइडपासून, म्हणजे लहान प्रथिनापासून, झिकोनोटाइड हे औषध तयार झाले. ते मज्जातंतूंतील विशिष्ट कॅल्शियम मार्ग अडवते, त्यामुळे वेदनेचा संदेश मेंदूकडे पोचत नाही. २००४ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मॉर्फिनसारखी त्याची सवय लागत नाही. मात्र ते पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते आणि त्याचे मानसिक दुष्परिणामही तीव्र असू शकतात.



फलोत्पादनात रामोन बार्बा यांनी आंब्याला हंगामाबाहेर मोहोर आणला. पूर्वी बागायतदार त्यासाठी झाडाखाली दिवसेंदिवस धूर करत. बार्बा यांनी पोटॅशियम नायट्रेटच्या एक टक्का द्रावणाची फवारणी शोधली: शंभर लिटर पाण्यात एक किलो. कोकणातल्या हापूस बागायतदारांना हेच रसायन फळगळ रोखणारे म्हणून परिचित आहे. बार्बा यांनी पेटंट घेतले, पण शेतकऱ्यांकडून त्याचे पैसे घेतले नाहीत.