जी. आय. जो : कृष्णवर्णीय पात्रे

‘जी. आय. जो’ या अमेरिकी लष्करी खेळण्यांच्या मालिकेत १९६५ पासून आलेली आफ्रिकी-अमेरिकी सैनिकांची पात्रे. ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट येथील हॅसनफेल्ड ब्रदर्स (पुढे हॅस्ब्रो) या कंपनीने १९६४ मध्ये ही मालिका बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धात साध्या अमेरिकी शिपायाला ‘जी. आय.’ म्हणत, खेळण्याचे नाव तिथून आले. सुमारे ३० सेंमी. उंचीचा, २१ हलत्या भागांचा, कापडी गणवेश चढवता-उतरवता येणारा हा शिपाई म्हणजे खरे तर बाहुलीच होती. पण मुलगे बाहुली हातात धरणार नाहीत या धास्तीने कंपनीने तो शब्द टाळला आणि ‘अॅक्शन फिगर’ हा नवा शब्द रूढ केला. भूदल, नौदल, हवाई दल आणि मरीन या चार दलांचे चार शिपाई पहिल्या वर्षी निघाले. चौघेही गोरे होते.

अमेरिकी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला होता. म्हणजे खेळणे जन्मले तेव्हा त्या आदेशाला १६ वर्षे होत आली होती, आणि काळ्या व गोऱ्या शिपायांच्या वेगळ्या तुकड्या इतिहासजमा होऊन दहा वर्षे. नागरी हक्कांचा कायदा २ जुलै १९६४ ला झाला, मतदान हक्काचा कायदा ऑगस्ट १९६५ मध्ये. त्याच वर्षी व्हिएतनाममध्ये अमेरिकी पायदळ उतरू लागले आणि तिथल्या बातम्यांतून कृष्णवर्णीय जवान घरोघरी दिसू लागले. १९६५ मध्येच पहिला कृष्णवर्णीय जी. आय. जो आला.

त्याच्यासाठी वेगळा चेहरा घडवला गेला नाही. गोऱ्या शिपायाच्या डोक्याचा जो साचा होता त्यातूनच हे डोके काढले आणि त्याला तपकिरी रंग दिला. नाक तेच, ओठ तेच, हनुवटी तीच; उजव्या गालावरचा, या मालिकेची ओळख ठरलेला व्रणसुद्धा तोच. नाव वेगळे नव्हते, ‘अॅक्शन सोल्जर’ एवढेच. सुरुवातीला तो उत्तरेकडील मोजक्या बाजारपेठांत ठेवला गेला, दक्षिणेकडच्या राज्यांत नाही. थोडेच नग निघाल्याने आज जुनी खेळणी जमवणाऱ्यांत त्याला मोठी किंमत आहे. जे खेळणे एकेकाळी दक्षिणेत दुकानाच्या फळीवरसुद्धा मांडले जात नव्हते, त्याची किंमत त्याच कारणाने वाढावी, हे मनाला लागते.

साचा एक आणि रंग दुसरा, ही पद्धत या एकाच कंपनीची नव्हती. मॅटेल कंपनीने १९६७ मध्ये बार्बीच्या परिवारातील ‘फ्रान्सी’ अशीच तपकिरी रंगात काढली. त्याआधी केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात लहान मुलांपुढे रंग सोडून बाकी सर्व बाबतींत सारख्या असलेल्या बाहुल्या ठेवून प्रश्न विचारले होते. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून निवडली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या अभ्यासाचा हवाला दिला. खेळण्याचा रंग ही किरकोळ गोष्ट नसते, हे त्यामुळे न्यायालयाच्या कागदावर आले. नव्या साच्याचा खरा आग्रह लॉस एंजेलिसमधल्या शिंदाना टॉइज या कंपनीने धरला. १९६५ च्या वॉट्स भागातील उद्रेकानंतर उभ्या राहिलेल्या ‘ऑपरेशन बूटस्ट्रॅप’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने १९६८ मध्ये ती काढली, आणि तिच्या ‘बेबी नॅन्सी’ बाहुलीचा चेहरा व केस मुळातूनच आफ्रिकी वळणाचे घडवले.

व्हिएतनाम युद्ध लोकांना नकोसे झाल्यावर हॅस्ब्रोने १९७० मध्ये शिपायाचा गणवेश उतरवून त्याला साहसवीर केले. ‘अॅडव्हेंचर टीम’ या नव्या चमूत एक कृष्णवर्णीय साहसवीरही होता, डोक्यावर चिकटवलेल्या मखमली केसांचा. त्यालाही स्वतःचे नाव मिळाले नाही. मोठ्या आकाराची ही मालिका १९७६ मध्ये थांबली.

१९८२ मध्ये जी. आय. जो परतला तो सुमारे साडेनऊ सेंमी. उंचीचा होऊन. अंगावरचे कपडे आता प्लास्टिकमध्येच कोरलेले होते. पण यावेळी प्रत्येक पात्राला नाव, हुद्दा, जन्मगाव आणि पूर्वायुष्य होते. पुठ्ठ्याच्या पाठीमागे छापलेले हे ‘फाइल कार्ड’ कात्रीने कापून जपून ठेवायचे असे. ही कार्डे आणि मार्व्हल कंपनीची चित्रकथा (१९८२–९४, १५५ अंक) यांतील बहुतेक सारे लेखन लॅरी हामा यांचे. जपानी वंशाचे हे अमेरिकी लेखक व्हिएतनामच्या काळात सैन्याच्या अभियंता दलात होते. कृष्णवर्णीय शिपायाला माणूस म्हणून उभे करण्याचे मोठे श्रेय या दोन बोटांच्या कागदाला द्यावे लागते. साच्यातून मिळू न शकलेला चेहरा त्याला मजकुरातून मिळाला.

पहिल्याच वर्षीच्या चमूतला स्टॉकर (लाँझो विल्किन्सन) हा रेंजर तुकडीचा जवान डेट्रॉइटचा. त्याचे पूर्वायुष्य रस्त्यावरच्या टोळीच्या म्होरक्याचे दाखवले आहे. शहरी कृष्णवर्णीय तरुण म्हटला की टोळी, हा त्या काळचा ठोकळा इथे दिसतोच. मात्र त्याच कार्डावर त्याला स्पॅनिश, अरबी, फ्रेंच आणि स्वाहिली या भाषा येतात असेही लिहिले आहे, आणि चित्रकथेत तो व्हिएतनाममध्ये पुढे जाऊन टेहळणी करणाऱ्या छोट्या तुकडीचा नायक आहे. मालिकेतले सर्वांत गाजलेले दोन निंजा, स्नेक आइज आणि स्टॉर्म शॅडो, हे त्या तुकडीत त्याच्या हाताखाली होते.

१९८३ चा डॉक (कार्ल ग्रीर) हा हार्वर्डमध्ये शिकलेला डॉक्टर, स्वभावाने युद्धविरोधी. त्याच्यासोबत पेटीत बंदूक नव्हती. जखमीला उचलण्याचे स्ट्रेचर आणि इशाऱ्याचा बार उडवणारे साधन, एवढेच. लष्करी खेळण्यांच्या दुकानात शस्त्र न धरणारा सैनिक ठेवणे, आणि तो कृष्णवर्णीय असणे, हे धाडस होते. या नोंदीतील सर्व पात्रांत तो सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो. १९९१ मध्ये चित्रकथेच्या १०९ व्या अंकात शत्रूच्या एका सैनिकाने केलेल्या गोळीबारात तो इतर अनेकांसह मारला जातो. मुलांच्या चित्रकथेत नायक असे मरत नसत.

लोकप्रियतेत मात्र रोडब्लॉक (मार्व्हिन हिंटन, १९८४) सर्वांच्या पुढे. धिप्पाड, टक्कल केलेला, एरवी तिवईवर ठेवून चालवायची ब्राउनिंग मशीनगन हातात घेऊन फिरणारा. पण त्याच्या कार्डातली खरी गोष्ट स्वयंपाकाची आहे. त्याला फ्रान्सला जाऊन उत्तम आचारी व्हायचे होते. शिकण्याच्या फीसाठी तो दारावरचा पहारेकरी म्हणून राबत होता, आणि सैन्यात स्वयंपाक शिकायला मिळेल या बोलीवर भरती झाला. अवजड शस्त्र पेलणारे हात आणि नाजूक पाककलेची ओढ, या जोडीमुळे तो नुसता बलदंड काळा शिपाई राहत नाही. दूरचित्रवाणी कार्टूनमध्ये त्याला यमकात बोलायला लावले. मुलांना ते आवडले हे खरे, तरी चित्रकथेतल्या शांत, समंजस माणसाला त्याने गमत्या करून टाकले.

रोडब्लॉकचे जन्मगाव मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सी आहे. या गावच्या समुद्रकिनाऱ्यावर कृष्णवर्णीयांना जाऊ देत नसत. डॉ. गिल्बर्ट मेसन यांच्या पुढाकाराने १९५९ ते १९६३ या काळात लोकांनी पाण्यात उतरून सत्याग्रह केले, आणि एप्रिल १९६० मध्ये त्यांच्यावर जमावाने लाठ्यासाखळ्यांनी हल्ला केला. ज्या दक्षिणेत १९६५ चा तपकिरी शिपाई विक्रीला ठेवला गेला नव्हता, तिथलाच एक मुलगा १९८४ मध्ये मालिकेचा सर्वांत लाडका वीर झाला.

बाकीची पात्रे थोडक्यात : गिर्यारोहक अल्पाइन (१९८५), बर्फातला लढवय्या आइसबर्ग (१९८६), अवजड शस्त्रांचा हेवी ड्यूटी (१९९१). शिकागो बेअर्सचा धिप्पाड फुटबॉलपटू विल्यम पेरी १९८७ मध्ये ‘द फ्रिज’ या नावाने टपालाने मागवायचे खेळणे म्हणून आला. पुढे मोठ्या आकाराच्या मालिकेत दुसऱ्या महायुद्धातले टस्कीगी वैमानिक आणि जनरल कॉलिन पॉवेल यांच्याही प्रतिकृती निघाल्या. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘रोडब्लॉक’ हे नाव वापरण्याचा हक्क हॅस्ब्रोच्या हातात नव्हता, तेव्हा हेवी ड्यूटीला त्याचा चुलतभाऊ ठरवून पुढे केले गेले. माणसे एकमेकांच्या जागी बसवता येतात, ही जुन्या साच्याचीच रीत इथे पुन्हा डोकावते. २००९ च्या चित्रपटात हेवी ड्यूटीचे काम अडेवाले अकिन्नुओये-अगबाजे यांनी केले; २०१३ च्या चित्रपटात ड्वेन जॉन्सन रोडब्लॉक झाले.

भारतात ही खेळणी फनस्कूल या कंपनीने बनवली. चेन्नईच्या एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीत ती १९८७ मध्ये सुरू झाली. तिचा कारखाना गोव्यात आहे. हॅस्ब्रोचे साचे वापरून निघालेल्या भारतीय प्रती गणवेशांच्या भलत्याच रंगांसाठी जगभरच्या संग्राहकांत ओळखल्या जातात. अमेरिकेत लहान आकाराची मूळ मालिका १९९४ मध्ये बंद पडल्यावरही त्या इथे निघत राहिल्या. इंग्रजी फाइल कार्ड अडखळत वाचणे हा १९९० च्या दशकातल्या अनेक मराठी मुलांचा पहिला परकीय वाचनानुभव होता, आणि दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर मावळ्यांशेजारी हा प्लास्टिकचा शिपाईही पहाऱ्याला उभा राहिला.

मराठी मुलुखाला कृष्णवर्णीय योद्धा नवा नाही. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर (मृत्यू १६२६) निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), म्हणजे तेव्हाची खडकी, त्याने वसवली, आणि गनिमी काव्याने मुघलांना वर्षानुवर्षे झुंजवले. १६१६ मध्ये वऱ्हाडातील बाळापूरच्या तळावरून निघालेल्या शाहनवाज खानाच्या मुघल फौजेने रोशनगावला त्याला हरवले. तरीही तो हाती लागला नाही. त्याच सुमारास जहांगिराच्या दरबारातील चित्रकार अबुल हसन याने काढलेले एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. त्यात बादशहा भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मस्तकावर बाण सोडताना दिसतो. अंबर त्यानंतर दहा वर्षे जिवंत होता, आणि १६२४ मध्ये भातवडीला त्याने मुघल व आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला.