चिखलांतील दप्तर

बाळकुमच्या खाडीकांठचें तिवर पूर्वजांनीं सरपणापुरतें ओळखलें. आमच्या पिढीस तर तें भरावास आड येणारें झुडूप वाटतें. परंतु ह्या भागाच्या उद्योगपर्वाचें दप्तर कोणीं राखलें असेल, तर ह्या झाडानेंच. १९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. पुढें अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचें सांडपाणी वालधुनीवाटे उल्हासेंत व तेथून ह्या खाडींत उतरत राहिलें.

खाडीच्या चिखलांत प्राणवायु जवळजवळ नसतोच. तिवराचीं श्वासमुळें वर डोकें काढून हवा खालीं नेतात. तिच्यामुळें मुळांवर लोहाचा तांबूस लेप चढतो आणि शिसें, जस्त, तांबें त्यांतच बरेंचसें अडकतें. जस्त-तांबें अल्प प्रमाणांत झाडास हवेंच असतें. शिशाचें मात्र त्यास कांहींच काम नाहीं. आंत शिरलेला अंशही बहुधा मुळांतच थांबतो, पानांपर्यंत थोडाच पोंचतो.

मात्र हा विषाचा नाश नव्हे. ही नुसती कोंडी आहे. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरतोडीस मनाई केली ती ह्या दृष्टीनेंही योग्यच म्हटली पाहिजे. तिवर तोडून चिखल उपसला, कीं त्यास हवा लागते, गंधकाशीं जखडलेले धातु सुटे होतात, आणि मासळीच्या वाटेनें आपल्याच ताटांत येऊं शकतात.